चोरटी साइट बंद कोणी करायची?

मराठी सिनेमाचा जीव पहिल्या तीन दिवसांत असतो. शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाला सोमवारनंतर किती खेळ मिळणार हे शनिवार-रविवारच्या गर्दीवर ठरते, आणि मल्टिप्लेक्सच्या वेळापत्रकात मराठीच्या वाट्याला अनेकदा अडनिड्या वेळाच आलेल्या असतात. अशात शुक्रवारी रात्रीच टेलिग्रामवर त्याची प्रत फिरू लागली, तर निर्मात्याचे नुकसान नुसते कागदावरचे राहत नाही. कर्ज काढून चित्रपट केलेला माणूस त्यात बुडतो.

पायरसीविरोधी कायद्यांचा आढावा या माणसाला नजरेआड करून घेता येणार नाही. मात्र त्याच्या नावाने जे कायदे होतात, ते त्याच्यापर्यंत पोहोचतात का, हेही पाहावे लागते. चोरटी प्रत चढवणारा सहसा सापडत नाही. सर्व्हर एका देशात, डोमेनची नोंदणी दुसऱ्या देशात, जाहिरातींचे पैसे तिसऱ्याच देशात. म्हणून गेली पंचवीसेक वर्षे जगभरचे कायदे चोराऐवजी मधल्यांना हुकूम देत आले आहेत. इंटरनेट पुरवणारी कंपनी, सर्च इंजिन, कार्डाचे व्यवहार हाताळणारी कंपनी, जाहिरातींचे जाळे चालवणारी कंपनी यांनी वाट अडवायची. यात मुळात गैर काही नाही. पण वाट अडवण्याआधी पुरावा कोणी तपासला, ज्याची वाट अडली त्याचे कोणी ऐकले आणि चूक झाली तर भरपाई कोण देणार, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक कायद्यांनी टाळली आहेत. हे कायदे मोठ्यांच्या भांडणाच्या मापाने बेतले गेले, असे माझे मत आहे. स्टुडिओ आणि तंत्रज्ञान कंपन्या यांच्या ओढाताणीत छोटा हक्कधारक आणि चुकून सापडलेला छोटा साइटवाला, दोघेही वाऱ्यावर राहिले.

आधी आकड्यांविषयी, कारण प्रत्येक विधेयकाच्या सुरुवातीला एक मोठा आकडा ठेवलेला असतो. पायरसीमुळे चित्रपटउद्योगाचे वर्षाला २०,००० कोटी रुपयांपर्यंत नुकसान होते, असे भारत सरकारने २०२३ मध्ये सांगितले. ईवाय आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया यांच्या ऑक्टोबर २०२४ मधल्या अहवालाने देशातल्या पायरसीची २०२३ मधली उलाढाल २२,४०० कोटी रुपयांची धरली. हे आकडे पूर्ण खोटे म्हणता येणार नाहीत. मात्र फुकट पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी एरवी खरोखर तिकीट काढले असते, हे त्यांत गृहीत धरलेले असते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने एप्रिल २०१० मध्ये तिथल्या प्रचलित आकड्यांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांतले काही कुठून आले हे शोधूनही सापडले नाही. युरोपीय आयोगाने करून घेतलेला अभ्यास २०१५ मध्ये तयार झाला आणि २०१७ मध्ये लोकांसमोर आला. पुस्तके, संगीत आणि खेळ यांच्या विक्रीवर पायरसीचा परिणाम होतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यात मिळाला नाही. नव्या गाजलेल्या चित्रपटांचे मात्र तसे नव्हते: दहा वेळा चोरून पाहिले गेले, तर अधिकृत पाहणे चार वेळा घटत होते. म्हणजे पहिल्या आठवड्याची निर्मात्याची तक्रार खरी आहे. पण तेवढ्यावरून सगळ्या प्रकारच्या नकलांना एकच औषध देणे बरोबर ठरत नाही.

आजच्या व्यवस्थेचा पाया अमेरिकेच्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्टने घातला. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली. लोकांनी चढवलेल्या मजकुरासाठी साइट जबाबदार नाही, मात्र हक्कधारकाची नोटीस आली की तिने मजकूर काढायचा, असा तो सौदा होता. ज्याचा मजकूर काढला त्याला उलट नोटीस देता येते, आणि हक्कधारक तरीही कोर्टात गेला नाही तर दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावायचा असतो. उलट उत्तराची ही सोय या कायद्याची सगळ्यांत मोलाची बाजू आहे. प्रत्यक्षात ती वापरणारे फार थोडे, कारण समोर मोठी कंपनी आणि तिचे वकील असताना सामान्य माणूस गप्प बसणे पसंत करतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका आईने २००७ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचा नाचतानाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला होता. मागे प्रिन्सचे गाणे अस्पष्ट वाजत होते, तेवढ्यावर तो काढला गेला. नोटीस देण्याआधी न्याय्य वापराचा, म्हणजे परवानगीशिवायही चालणाऱ्या वापराचा, विचार करणे हक्कधारकावर बंधनकारक आहे, एवढे ठरवून घ्यायला तिला २०१५ उजाडले, आणि खटला मिटला २०१८ मध्ये.

परदेशातल्या साइटवर या कायद्याचा अंमल चालत नव्हता, म्हणून पुढची विधेयके आली. सिनेटर पॅट्रिक लेही यांनी १२ मे २०११ रोजी ‘पिपा’ मांडले. टेक्ससचे प्रतिनिधी लमार स्मिथ यांनी २६ ऑक्टोबर २०११ रोजी ‘सोपा’ मांडले. ‘स्टॉप ऑनलाइन पायरसी अ‍ॅक्ट’ हे त्याचे पूर्ण नाव. परदेशी साइट चोरटी आहे असे सांगून सरकारी वकिलाने कोर्टाकडून आदेश घ्यायचा आणि मग इंटरनेट कंपन्यांनी ते नाव उघडणे थांबवायचे, सर्च इंजिनांनी ते दाखवायचे नाही, पैसे आणि जाहिराती तोडायच्या. ‘सोपा’ मूळ मसुद्यात आणखी पुढे जात होते. हक्कधारकाने कोर्टात न जाता थेट पैशांच्या आणि जाहिरातींच्या कंपन्यांना नोटीस पाठवायची आणि त्यांनी पाच दिवसांत व्यवहार बंद करायचा, असे त्यात होते. पाच दिवसांत कोणती कंपनी खऱ्याखोट्याची शहानिशा करत बसेल? ती सरळ हात झटकून मोकळी होईल.

नाव उघडणे थांबवायचे म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण विरोधाची खरी ताकद तिथे होती. आपण पत्ता टाइप करतो ते अक्षरी नाव असते. आपल्या इंटरनेट कंपनीचे यंत्र डीएनएस नावाच्या व्यवस्थेला विचारून त्या नावाचा आकडी पत्ता आणते आणि मग पान उघडते. विधेयक म्हणत होते की या यंत्राने ठरावीक नावांना खरे उत्तर देऊ नये. नेमक्या त्याच काळात अभियंते ही उत्तरे बनावट नाहीत याची सहीनिशी खातरजमा करणारी डीएनएससेक ही सुरक्षा बसवत होते, कारण खोटे उत्तर देऊन बँकेच्या नकली पानावर नेणारे चोर वाढले होते. चोरांपासून वाचवणारी सुरक्षा आणि कायद्याने खोटे उत्तर द्यायची सक्ती एकत्र नांदू शकत नव्हती. शिवाय दुसऱ्या देशातले डीएनएस वापरून अडथळा चुकवणे कोणालाही जमण्यासारखे होते. पॉल व्हिक्सी, डॅन कमिन्स्की यांच्यासारख्या तज्ज्ञांनी मे २०११ मध्येच टिपण लिहून हे मांडले. डिसेंबरमध्ये व्हिंट सर्फ यांच्यासह ८३ अभियंत्यांनी संसदेला खुले पत्र लिहिले.

भीती कल्पनेतली नव्हती, याचा पुरावा तेव्हा समोर होता. हिप-हॉप संगीतावरची ‘दजाझ१’ ही साइट अमेरिकी सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये जप्त केली. तिथली काही गाणी तर प्रसिद्धीसाठी संगीत कंपन्यांच्याच लोकांनी पाठवली होती, असे चालवणाऱ्यांचे म्हणणे होते. वर्ष उलटले. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही, मुदतवाढीची कागदपत्रे मोहोरबंद. डिसेंबर २०११ मध्ये डोमेन गुपचूप परत मिळाले. एका छोट्या प्रकाशनाचे वर्ष वाया गेले आणि त्याची भरपाई कोणाकडे मागायची हे कायद्यात कुठेच नव्हते.

१८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियाने २४ तास आपली पाने झाकली. गूगलने आपल्या नावावर काळी पट्टी ओढली आणि त्याच्या अर्जावर लाखो सह्या झाल्या. २० तारखेला दोन्ही विधेयके बाजूला ठेवली गेली. लोकशक्तीचा हा विजय होता यात शंका नाही. पण त्यामागे बलाढ्य तंत्रज्ञान कंपन्यांचे हितही होते, आणि एखाद्या स्वतंत्र गायकाची चोरटी गाणी दुसऱ्या दिवशीही तशीच मिळत होती, हेही नमूद केले पाहिजे. मधल्या दिवशी, १९ जानेवारीला, आणखी एक गोष्ट घडली. अमेरिकी सरकारने मेगाअपलोड ही प्रचंड साइट बंद केली आणि तिचा संस्थापक किम डॉटकॉम याला न्यूझीलंडमध्ये अटक झाली. आहे त्याच कायद्यांखाली. नवा कायदा नसला की हात बांधलेले राहतात, या दाव्याला त्याहून चांगले उत्तर शोधून सापडले नसते. अर्थात तिथेही कायदेशीर फायली ठेवणाऱ्या असंख्य लोकांचा माल त्या जप्तीत अडकला.

युरोपात हाच वाद निराळ्या वाटांनी गेला. फ्रान्सने २००९ मध्ये ‘हादोपी’ आणला: तीनदा पकडले गेले की घरचे इंटरनेट तोडायचे. तिथल्या घटना परिषदेने १० जून २००९ रोजी बजावले की इंटरनेट वापरणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि ते तोडायचे तर न्यायाधीशानेच. कायदा सुधारून आणला गेला, पण तोडण्याची शिक्षा २०१३ मध्ये गुंडाळावी लागली. गुप्त वाटाघाटींतून आलेला ‘अ‍ॅक्टा’ हा पायरसीविरोधी करार युरोपीय संसदेने ४ जुलै २०१२ रोजी ३९ विरुद्ध ४७८ मतांनी फेटाळला. पुढे २०१९ च्या युरोपीय कॉपीराइट निर्देशातल्या १७ व्या कलमाने मोठ्या प्लॅटफॉर्मवर आधीच गाळणी लावण्यासारखी जबाबदारी टाकली. सगळ्यांत धसमुसळा प्रकार इटलीत झाला. फुटबॉल सामन्यांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पायरसी शील्ड’मध्ये हक्कधारकाने पत्ता भरला की ३० मिनिटांत तो बंद करावा लागतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगल ड्राइव्हच अडवला गेला. एका भाडेकरूने घरपट्टी बुडवली म्हणून अख्ख्या चाळीचे पाणी तोडावे, तसे हे झाले. सामना थेट चालू असतानाच चोरी थांबली तर उपयोग, हे कबूल. पण अर्ध्या तासात फक्त यंत्र निर्णय घेऊ शकते, माणूस नाही.

आता भारत. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि ती २१ जूनपासून लागू झाली. हक्कधारकाची लेखी तक्रार आली की मजकूर ठेवणाऱ्या मध्यस्थाने तो २१ दिवस बंद ठेवायचा, आणि त्या मुदतीत कोर्टाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. २०१३ च्या नियमांनी बंद करायला ३६ तास दिले. २१ दिवसांत कोर्टात जायची अट ही चांगली गोष्ट आहे, कारण खोडसाळ तक्रार करणारा तिथे अडतो. पण ज्याचा मजकूर काढला त्याचे म्हणणे ऐकायची सोय या नियमांत नाही. अमेरिकी कायद्याकडून आपण नोटीस घेतली आणि उलट नोटीस तिकडेच सोडून दिली. तक्रार निराधार निघाली तर कलम ६० खाली दावा लावता येतो खरा. मराठीत पाककृतींची किंवा गडकिल्ल्यांची वाहिनी चालवणाऱ्या कोणी तो लावल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

कायद्यापेक्षा मोठी भूमिका कोर्टांच्या ‘जॉन डो’ आदेशांनी बजावली. प्रतिवादी कोण हे माहीत नसताना दिलेला हा मनाईहुकूम आपल्याकडे ‘अशोक कुमार’ आदेश म्हणूनही ओळखला जातो. २००२ मध्ये विश्वचषक फुटबॉलचे प्रक्षेपण चोरून दाखवणाऱ्या केबलवाल्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने तो वापरला. केबलवाला निदान गल्लीत सापडायचा. इंटरनेटवर हाच आदेश बेभान झाला. जुलै २०११ मध्ये ‘सिंघम’च्या निर्मात्यांनी आदेश मिळवला आणि काही इंटरनेट कंपन्यांनी फायली ठेवण्याच्या साइट्स सरसकट बंद केल्या. मे २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या ‘३’ या तमिळ चित्रपटाच्या आदेशावरून व्हिमिओ आणि डेलीमोशनही बंद झाले. व्हिमिओवर आपले लघुपट ठेवणाऱ्या नवशिक्या दिग्दर्शकांचा त्या चित्रपटाशी काय संबंध? जूनमध्ये देशभर निदर्शने झाली, मुंबईत आझाद मैदानावर तरुण मुखवटे घालून जमले. २२ जून २०१२ रोजी न्यायालयाने खुलासा केला की आदेश नेमक्या दुव्यांपुरता आहे, अख्ख्या साइटसाठी नाही.

या सगळ्या पसाऱ्यात मला सर्वांत विचारपूर्वक वाटते ते मुंबई उच्च न्यायालयाचे जुलै २०१६ मधले काम. तो काळ निर्मात्यांसाठी वाईट होता. ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी फुटला, आणि फिरणाऱ्या प्रतीवर सेन्सॉरसाठी दिल्याची खूण होती. ‘ग्रेट ग्रँड मस्ती’ फुटल्यामुळे त्याचे प्रदर्शन २२ जुलैवरून १५ जुलैवर आणावे लागले. त्याच महिन्यात ‘ढिशूम’साठी निर्माते न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे आले. यादी घ्या आणि साइट्स बंद करा, एवढेच त्यांचे मागणे होते. न्यायमूर्तींनी लगेच हुकूम दिला नाही. एखाद्या साइटवर काहीच कायदेशीर नाही हे दाखवल्याशिवाय ती संपूर्ण बंद होणार नाही, असे त्यांनी सांगितले. मग यादीतला एकेक दुवा आधी तांत्रिक संस्थेने तपासला, नंतर वकिलांच्या कचेरीने पुन्हा पडताळला आणि शेवटी ते शपथपत्रावर आले. बंद केलेल्या पानावर दाव्याचा क्रमांक, आदेशाची तारीख आणि अन्याय झाला असे वाटणाऱ्याने कोर्टात कसे यावे, हे छापायला लावले. आधी असे पान उघडले की कुठल्या तरी सरकारी आदेशाने बंद एवढीच ओळ दिसे, आणि कोणाकडे दाद मागावी हेच कळत नसे. त्या सूचनेतल्या शब्दांवरून नुसता चोरटा चित्रपट पाहणाराही तुरुंगात जाईल असा समज पसरला, तेव्हा गुन्हा पाहण्यात नाही, प्रती करून वाटण्यात आहे, असाही खुलासा झाला. निर्मात्याला दिलासा मिळाला आणि तिऱ्हाइताला दार उघडे राहिले. एका न्यायमूर्तीने काही दिवसांत जे केले ते संसदेला कलमात लिहिता आले असते.

देशाने ही वाट धरली नाही. त्याच महिन्याच्या शेवटी, २९ जुलै २०१६ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने क्रिकेटचे सामने चोरून दाखवणाऱ्या ७३ साइट्स पूर्ण बंद करायला मान्यता दिली. दुवे बदलत राहतात, प्रत्येक दुव्यामागे धावणे हक्कधारकाला अशक्य आहे, हा त्यामागचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. १० एप्रिल २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती मनमोहन यांनी ‘चलत मनाईहुकूम’ आणला. मूळ साइट कोर्टाने चोरटी ठरवली की तिच्या नव्या नावांसाठी पुन्हा दावा नको, सहनिबंधकापुढे शपथपत्र पुरे. साइट चोरटी कधी म्हणायची याच्या कसोट्याही त्यात दिल्या: मालकाचा ठावठिकाणा लपवलेला आहे का, नोटिशीला उत्तर देते का, मुख्य हेतू काय. इथपर्यंत समतोल आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. जे चित्रपट अजून तयारच झालेले नाहीत त्यांनाही आदेशाचे संरक्षण दिले. भविष्यातल्या कलाकृतीसाठी आज हुकूम मिळू लागला, तर पुरावा पाहण्याची पायरीच उरत नाही.

त्याच ऑगस्टमध्ये संसदेचे उत्तरही आले. चित्रपट कायद्यातली दुरुस्ती ३१ जुलै २०२३ रोजी लोकसभेत मंजूर झाली आणि ४ ऑगस्टला तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. चित्रपटगृहात कॅमेरा लावून चोरी करणाऱ्याला आणि चोरटी प्रत दाखवून पैसे करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षे कैद, आणि दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. कॅमेऱ्यावर इतका भर देताना प्रती प्रक्रियेच्या आतूनच फुटतात याकडे पुरेसे लक्ष गेले नाही, असे ‘उडता पंजाब’ आठवला की वाटते. पण लक्ष ठेवण्याजोगी गोष्ट शिक्षेची नाही. चोरटी प्रत दाखवणाऱ्या प्लॅटफॉर्मचा मार्ग बंद करायचा अधिकार याच दुरुस्तीने केंद्र सरकारला दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने स्वतःच्या आणि सेन्सॉर बोर्डाच्या कार्यालयांत नोडल अधिकारी नेमले. निर्मात्याने त्यांच्याकडे जायचे आणि ४८ तासांत कारवाई व्हायची.

छोट्या निर्मात्याला याचा उपयोग आहे. उच्च न्यायालयात वकील उभा करण्यापेक्षा मुंबईच्या कार्यालयात अर्ज देणे कितीतरी स्वस्त, आणि मी या सोयीच्या विरोधात नाही. पण तुलना करून पाहा. देशाच्या सुरक्षेसाठी एखादी साइट बंद करायची झाली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली २००९ चे नियम आहेत. त्यांत समिती आहे, शक्य असेल तिथे मजकूरवाल्याला बोलावणे आहे, वर आढावा समिती आहे. त्या कलमाच्या कारणांत कॉपीराइट नाही. म्हणजे दहशतवादाच्या आरोपासाठी जितके सोपस्कार लागतात, तितकेही एका चित्रपटाच्या तक्रारीसाठी नकोत, असे होऊन बसते. समीक्षेसाठी दोन मिनिटांचा तुकडा दाखवणारी मराठी वाहिनी या झपाट्यात सापडली, तर तिने कोणत्या खिडकीवर जायचे?

महाराष्ट्राने याहून कडक मार्ग पूर्वीच घेतला होता. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांच्या गुन्हेगारांसाठी १९८१ मध्ये केलेल्या प्रतिबंधक कायद्यात, जो सगळीकडे ‘एमपीडीए’ नावाने ओळखला जातो, २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरेट्स’ जोडले गेले. या कायद्याखाली खटल्याशिवाय बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. फूटपाथवर सीडी विकणाऱ्या पोराला, आरोप सिद्ध न करता, वर्षभर आत ठेवायची तरतूद कायद्याच्या पुस्तकात असणे मला अजिबात पटत नाही. त्याच्यामागे सीडी छापणारा जो असतो, तो क्वचितच हाती लागतो. २०१७ मध्ये राज्याच्या सायबर विभागात लंडनच्या धर्तीवर बौद्धिक संपदा गुन्ह्यांसाठी निराळे पथक उभे राहिले आणि चोरट्या साइट्सची डोमेन बंद करवण्यावर त्याने भर दिला. पैशांचा आणि डोमेनचा माग काढणारे असे पोलिसकाम मला स्थानबद्धतेपेक्षा शंभर पटींनी योग्य वाटते.

सगळी नक्कल एका मापाने मोजता येत नाही, हे शिक्षणात लख्ख दिसते. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या प्रकाशनगृहांनी भरलेल्या खटल्यात न्यायमूर्ती एंडलॉ यांनी १६ सप्टेंबर २०१६ रोजी अभ्यासक्रमासाठी केलेल्या प्रती कायदेशीर ठरवल्या. शोधनिबंध फुकट देणाऱ्या साय-हबविरुद्ध एल्सेव्हिअर आणि इतरांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीतच दावा लावला, तेव्हा भारतीय शास्त्रज्ञ हस्तक्षेपासाठी पुढे आले. ऑगस्ट २०२५ मध्ये साइट बंद करण्याचा आदेश निघाला, कारण नवे निबंध न टाकण्याची दिलेली हमी मोडली होती. दरम्यान सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. साय-हबकडे लोक का वळले याचे हे खरे उत्तर आहे. पण पहिला टप्पा सरकारी संस्थांचा आहे, आणि महाराष्ट्रात असंख्य विद्यार्थी खासगी महाविद्यालयांत शिकतात.

मराठी पुस्तकांची स्थिती तर निराळीच. हजार-पाचशे प्रतींची आवृत्ती काढणारा प्रकाशक, आणि पुस्तक बाजारात येऊन महिना होतो न होतो तोच व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहांत त्याची पीडीएफ. दिवाळी अंकांचेही तसेच. पाठवणारा बहुतेकदा साहित्यप्रेमीच असतो, आपण लेखकाची सेवा करतो आहोत अशीच त्याची भावना असते. साने गुरुजींसारख्या, निधनाला साठ वर्षे उलटून गेलेल्या लेखकांचे साहित्य सगळ्यांचे झाले आहे आणि ते विकिस्रोतावर हक्काने वाटता येते. हयात लेखकाचे तसे नाही, हा फरकच पुष्कळांना ठाऊक नसतो. दैनिक जागरणने २०२० मध्ये टेलिग्रामविरुद्ध दिल्लीत आदेश मिळवला आणि ई-पेपर वाटणाऱ्या वाहिन्यांच्या चालकांची माहिती मागता आली. एवढे बळ मोठ्या वृत्तपत्राकडे असते. कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या प्रकाशकाला कलम ६२ मुळे स्वतःच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, पण दोनशे रुपयांच्या पुस्तकासाठी वर्षानुवर्षे तारखा घेणे कोणाला परवडेल?

इथे अमेरिकेतली एक छोटी सुधारणा पाहण्यासारखी आहे, ‘सोपा’पेक्षा कितीतरी कमी गाजलेली. डिसेंबर २०२० च्या कायद्याने तिथे कॉपीराइटच्या लहान दाव्यांसाठी एक मंडळ झाले आणि ते जून २०२२ पासून चालू आहे. कमाल भरपाई ३०,००० डॉलर, वकिलाची सक्ती नाही, कामकाज घरबसल्या. मुख्य म्हणजे खोटी नोटीस देणाऱ्याविरुद्धही त्याच मंडळाकडे जाता येते. प्रतिवादी त्यातून बाहेर पडू शकतो ही त्याची कमजोरी आहे, तरी दोन्ही बाजूंच्या छोट्या माणसाला एकच दार मिळाले. आपण नेमके उलटे गेलो. कॉपीराइट मंडळाकडे उल्लंघनाचे खटले नव्हते, पण परवाने आणि दर यांचे तंटे होते. ते २०१७ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळात विलीन झाले आणि २०२१ मध्ये ते मंडळच बरखास्त होऊन हे तंटे उच्च न्यायालयांकडे गेले.

वाद संपलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत परदेशी साइट्स बंद करण्याचे विधेयक पुन्हा आले, आणि ते मांडणाऱ्या झोई लॉफग्रेन म्हणजे २०१२ मध्ये ‘सोपा’ला कडाडून विरोध करणाऱ्या प्रतिनिधी. या विधेयकात बंदीचा आदेश कोर्टाकडूनच घ्यावा लागतो. आपल्याकडे नोडल अधिकाऱ्यांच्या कामालाही अशीच चौकट देता येईल, आणि त्यासाठी संसदेत नवे विधेयक नको, नियम पुरतील. तक्रारदाराने मालकी शपथेवर सांगावी. बंद केलेल्या प्रत्येक दुव्याची यादी आणि कारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर लावावे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने घातलेला पायंडा घेऊन बंद पानावर दाद मागायचा पत्ता द्यावा. ४८ तासांत बंद करायचे असेल तर आक्षेप आल्यावर उत्तरही ठरावीक दिवसांत द्यावे, आणि ते नाही दिले तर पान आपोआप खुले व्हावे. ही सोय फक्त चित्रपटांपुरती न ठेवता पुस्तकांना आणि संगीतालाही लावावी, म्हणजे नांदेडच्या प्रकाशकाचा अर्जही त्याच टेबलावर जाईल आणि समीक्षेच्या वाहिनीचा आक्षेपही.